लाल फीत बांधलेली झाडं

रोहण्याच्या सीताबाईनं उभी हयात दुसऱ्याच्या बियाणे प्लॉटमध्ये झाडं उपटण्यात घालवली. सुपरवायझर पुढं चालायचा, भेसळीच्या नाहीतर रोगट झाडाला लाल फीत बांधायचा. मागून बायांनी ते मुळासकट काढायचं. काऊन म्हणून विचारायचं नाही. सीताबाईच्या ओळीत एक झाड मागं राहत नसे, म्हणून भैय्याजी सुपरवायझर दरसाल आधी तिलाच बोलावणं धाडायचा.

तिची मयुरी मात्र कृषी महाविद्यालयात एमएस्सीला गेली. सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅकचा तिचा अभ्यास. पांढऱ्या माशीनं विषाणू आणला की झाडातली काही जनुकं जागी होतात, त्याला आवरू पाहतात, असं ती घरी सांगायची. सीताबाईला त्यातलं एवढंच कळलं, की झाडही आतल्या आत लढतं. तिला ते पटलं. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की लेकीसाठी ती घडीभर जास्त हात जोडून बसायची. कारण नवऱ्यानं, कवडूनं, बजावून ठेवलं होतं: अभ्यासाला हा एकच हंगाम. नाही जमलं, तर हिंगणघाटच्या पाहुण्यांना होकार.

त्या भादव्यात घरचं वावर पिवळं पडलं. त्यातली मोजकी झाडं शेंड्याकडून पुन्हा हिरवी फुटायला लागली. मयुरीला हवी होती ती हीच. आईच्याच पिशवीत उरलेली प्लॉटवरची लाल फीत घेऊन तिनं ती खुणेसाठी बांधली आणि पानं बर्फात न्यायची पेटी आणायला कॉलेजात गेली.

दुसऱ्या दिवशी सीताबाई वावरात आली. फिती दिसल्या. पोरगी एकटी किती वाकेल, असं तिच्या मनात आलं. दुपारपर्यंत तिनं एकूण एक झाड काढलं, मुळांची माती झाडली, धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, रचून ठेवलं.

मयुरी पेटी घेऊन आली तेव्हा पानं उन्हानं सुकून गेली होती. सुकल्या पानात ती लढाई सापडणार नव्हती. ती ढिगापाशी बसली.

"आई, शेंड्याले हिरवं फुटलं होतं. दिसलं नाई तुले?"

"दिसलं वं माय."

"मंग?"

"फीत होती."

मयुरी रागावली नाही. रागावली असती तर सीताबाईला बरं वाटलं असतं.

कवडू जेवताना हसला. मायनंच निकाल लावला, म्हणाला. सीताबाईनं अजून एक हंगाम मागून पाहिला.

"उपटलं कोनं? तूच नं?"

सीताबाईनं त्याच्या ताटात भाकर वाढली. मयुरीनं ताटातून मान वर केली नाही.

लग्न उन्हाळ्याआधीच उरकलं. पुढच्या पावसाळ्यात भैय्याजीचं बोलावणं आलं, सीताबाई गेली. एका फितीच्या झाडापाशी मात्र ती थबकली, शेंडा निरखू लागली. मागच्या बाया खोळंबल्या.

"काऊन वं सीताबाई, मुहूर्त पाहून राह्यली का?" भैय्याजी म्हणाला.

बाया हसल्या. शेंड्याला दोन पानं हिरवी होती. सीताबाईनं बुडाशी हात घातला. पावसानं माती मऊ झालेली. झाड लगेच निघालं.