दसऱ्याला दिसणारी ओळ

आमच्या कारखान्याचा सर्व्हर वर्षातून एकदाच बंद व्हायचा, दसऱ्याला. एरवी त्याला हात लावायची सोय नव्हती. बडोद्याबाहेर, सावली गावाच्या रस्त्यावर आमचा पंपांचे सुटे भाग ओतायचा कारखाना. ट्रकचं वजन, माल, पगार, सगळं त्या एका डब्यात. "बेन, मशीन बंध न थवुं जोईए," मशीन बंद पडायला नको, एवढंच शेठना कळायचं. पण दसऱ्याला भट्टी थंड, लेथ थंड, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. पूजेला मांडलेलं हत्यार चालवायचं नसतं, हे गुजराती शेठना आणि आम्हा मराठी माणसांना सारखंच मान्य. मग सर्व्हर तरी कसा चालेल? तोही हत्यारच. त्यामुळे वर्षभर तुंबलेलं काम, म्हणजे नवं कर्नेल, सर्व्हरचा गाभा, घालणं, मशीन परत चालू करणं, जुनं काढणं, मी आरतीनंतर फाफडा-जलेबीच्या वासात उरकायची. सयाजीगंजमधले कॉम्प्युटरवाले हे ऐकून फिदीफिदी हसायचे. हसा म्हटलं. तुमच्यासारखी दर आठवड्याला मशीन पाडून बसत नाही मी.

हा सर्व्हर उभा केला होता माझ्या दादाने. वडील आमच्या लहानपणीच गेले. निजामपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आई, दादा आणि मी. पणजोबा बडोद्याच्या फौजेत होते, त्यांची तलवार भिंतीवर, आणि तिच्याखाली टेबलावर दादाने घेतलेला सेकंडहँड कॉम्प्युटर. "आपल्या घरात दोनच हत्यारं," तो म्हणायचा, "एक गंजलेलं आणि एक हँग झालेलं."

तेव्हा बाहेरच्या मालावरची बंधनं नुकती सुटली होती. शेठनी हौसेने परदेशी वजनकाटा मागवला, पण काट्याची तार ज्या कार्डाला जोडायची ते कार्ड सर्व्हरला ओळखूच येईना. सर्व्हरला जोडलेल्या प्रत्येक वस्तूची ओळख असते ती कर्नेलला. ते तयार मिळायचं, पण त्या तयार कर्नेलच्या गावी हे कार्ड नव्हतं. दादा म्हणाला, मग आपण घरीच बनवू. एका रविवारी सकाळी त्याने आमच्या कॉम्प्युटरला कामाला जुंपलं आणि घरात कर्फ्यू लागला. मिक्सर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही, लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून. आईने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली होती. हा हलेना. आई दर थोड्या वेळाने यायची, "अरे, ते शिजतंय तर शिजू दे, तू जेवून घे की!" हा आपला स्क्रीनकडे टक लावून. चार वाजून वीस मिनिटांनी ओरडला, "झालं गं आई!" तोवर पुऱ्यांचं चामडं झालेलं. आईने रागारागाने चहा टाकला आणि या पठ्ठ्याने पुऱ्या चहात बुडवून खाल्ल्या.

"असला जेवणारा देवाने माझ्याच पदरात घातला!" आई म्हणाली. पण बघत बसली होती त्याच्याकडे.

मग त्याने आम्हाला ते चालू करून दाखवलं. "हे बघ आई, मशीन जागं झालं की हा पहिल्यांदा उठतो, मग एकेकाला उठवतो आणि कामाला लावतो."

"म्हणजे मी," आई म्हणाली.

पडद्यावर पहिली ओळ आली. कर्नेल ज्याने बनवलं त्याचं नाव त्या ओळीत आपोआप येतं, ते ज्या मशीनवर बनलं त्या मशीनचं नाव येतं, आणि वार, तारीख, वेळ, साल. दादाने आपलं लॉगिन घरातल्या हाकेच्या नावाने केलं होतं आणि कॉम्प्युटरचं नाव ठेवलं होतं 'घर'. आई सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं ती औषधांच्या बाटल्यांवरून आणि बसच्या पाट्यांवरून जुळवायची. तिने बोट ठेवून त्याचं नाव वाचलं. मधलं ते शेपटीवालं गोल अक्षर काय म्हणून विचारलं.

"ते म्हणजे मुक्काम," दादा म्हणाला. "मी, मुक्काम घर."

ते कर्नेल कारखान्यात बसलं, काटा बोलायला लागला, आणि दादाची कॉलर ताठ झाली. रोज संध्याकाळी मला शेजारी बसवून तो शिकवायचा. नवं घातलं तरी जुनं लगेच काढायचं नाही, नवं रुसलं तर परतायला वाट हवी, हे त्याचंच वाक्य.

पुढे त्याला कावीळ झाली. साधी कावीळ आहे, सगळे म्हणाले. श्रावणात झाली आणि गणपती बसायच्या आत तो गेला. तिशीही गाठली नव्हती माझ्या दादाने. त्या दिवसांत मी देवाला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. आई मात्र रडली नाही. आलेल्यांना पाणी द्यायची, गेलेल्यांना दारापर्यंत पोचवायची. शेजारणी मला बाजूला घेऊन म्हणायच्या, हिला रडव गं बाई.

शेठ घरी आले आणि म्हणाले, "भाईनुं काम हवे बेन करशे." भावाचं काम आता बहिणीने करायचं. मी सयाजीगंजमध्ये एका क्लासात कॉम्प्युटर शिकवत होते, ते सोडून त्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

त्या वर्षी घरी दसरा नव्हता. तलवार भिंतीवरून उतरवली नाही. पण कारखान्यात पूजा होतीच आणि मला जाणं भाग होतं. आई म्हणाली, घरी भिंती बघत बसण्यापेक्षा येते तुझ्याबरोबर. येऊन कोपऱ्यात एका खोक्यावर बसली. आरती झाली, मी सर्व्हर चालू केला, आणि पहिली ओळ आली. माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आई उठली, पुढे आली, पदराच्या टोकाने तिने काच पुसली.

"रविवार," ती म्हणाली. "चार वीस. पुऱ्यांचं चामडं झालं होतं."

आणि मग जी रडली माझी आई! भट्टीवरची दांडगी माणसं टोप्या काढून उभी राहिली. कोणी तिला गप्प केलं नाही.

तेव्हापासून आई दर दसऱ्याला यायची. "माजी आव्यां," आई आल्या, असं कोणीतरी ओरडायचं आणि तिच्यासाठी राखलेलं स्टूल सर्व्हरसमोर यायचं. ती ओळ झर्रकन वर पळून जायची, मी कळा दाबून तिला खाली आणायची आणि धरून ठेवायची. आई वाचायची. नाव, मुक्काम, वार, वेळ. मग म्हणायची, "हं. चालू दे तुमचं." तेवढ्यासाठी ती वर्षभर एक बरी साडी घडीची ठेवायची.

मग कारखान्यात इंटरनेट आलं आणि दादाच्या कर्नेलची दारं उघडी पडली. बाहेरून कोणीही शिरावं अशी गत. नवं, तयार कर्नेल घालावं लागलं. त्याच्या पहिल्या ओळीत कुठल्यातरी परक्या माणसाचं नाव यायचं. मी जुनं काढलं नाही. चालू होताना सर्व्हर यादी दाखवायचा, कोणतं हवं म्हणून. दसऱ्याला मी दोनदा चालू करायची, एकदा आईसाठी आणि एकदा कारखान्यासाठी. पुढे डिस्क बदलली. ती दादाच्या कर्नेलला ओळखू येईना, ते अडून बसायचं. पण पहिली ओळ दाखवून मग अडायचं. आईला तेवढीच हवी होती.

एका दुपारी मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले असताना कारखान्यात लाइट गेली. लाइट परत आल्यावर पाळीवरच्या माणसाने सर्व्हर चालू केला आणि यादीतलं नेमकं जुनं निवडलं. झालं! काटा बंद, ट्रकची रांग पार रस्त्यापर्यंत, ड्रायव्हरांच्या तोंडी आयाबहिणी. मी धावत येऊन सगळं सुरळीत केलं. त्या माणसाला असं झापलं, की तो आठवडाभर माझ्यासमोर आला नाही. पण त्याचं तरी काय चुकलं होतं?

शेठ संध्याकाळी आले. ते ओरडले असते तर मी भांडले असते. ते खाली बघत म्हणाले, "बेन, हवे ए जूनुं काढी नाखो ने." जुनं काढून टाकते, अशी मी मान हलवली. बरोबरच होतं त्यांचं, आणि मला ते सहन होत नव्हतं.

दसरा जवळ आला तशी माझी झोप उडाली. आई कपाटातून साडी काढून तिला ऊन देत होती. तिला काय सांगू? की यंदा तो दिसणार नाही? तेव्हा मला एक शक्कल सुचली. मीही कर्नेल बनवू शकत होते, त्यानेच शिकवलं होतं. आमच्या घरच्या नव्या कॉम्प्युटरचं नावही 'घर'च होतं. मी त्यावर दादाचं लॉगिन केलं, आई देवळात गेलेली बघून बसले आणि बनवलं. त्याला अख्खा रविवार लागला होता. माझं भाताचा कुकर होईपर्यंत झालं. कारखान्यात नेऊन घातलं, नीट चाललं, आणि मग दादाचं जुनं काढून टाकलं. एका ओळीची आज्ञा. नक्की का, असंही विचारलं नाही मेल्याने.

दसऱ्याला आई स्टुलावर बसली. ओळ आली, मी धरून ठेवली. आईने बोट ठेवून नाव वाचलं, मुक्काम वाचला. बोट पुढे सरकलं आणि थांबलं.

"आहे," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "चालू दे तुमचं." सगळ्यांना सोनं दिलं, जलेबीचा तुकडा तोंडात टाकला.

परत येताना आम्ही रिक्षा केली. निजामपुऱ्याच्या वळणावर ती म्हणाली, "सकाळचे साडेनऊ."

"काय?"

"साडेनऊ लिहिलं होतं गं. आणि साल यंदाचं. सकाळी साडेनऊला तो उठायचा तरी का?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडूच फुटलं. माझ्यासारखी गाढव मीच. मला वाटत होतं ती नाव वाचायला येते. ती त्या रविवारी परत जायला येत होती, पुऱ्या आणि चहा घेऊन. मी तिला सगळं सांगितलं, ट्रकची रांग, शेठ, जुनं काढल्याचं. तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला.

"त्याला आता कामाला नको लावूस, पोरी," ती म्हणाली. "दमला होता तो."

पुढच्या वर्षी मी कर्नेल माझ्या नावाने बनवलं. कोणाला बोलले नाही. मी, मुक्काम घर. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून पहिल्यांदाच माझं नाव त्या ओळीत येणार होतं, आणि ते आईने बोट ठेवून वाचावं असं मला फार फार वाटत होतं. दसऱ्याच्या सकाळी मी तिच्या साडीला इस्त्री केली आणि म्हटलं, चल.

ती झेंडू ओवत बसली होती. "तू ये जाऊन. आता तिथे माझं कोण आहे?"

माझं डोकंच फिरलं. "मी असते ना गं तिथे! मी कोणीच नाही का?"

तिने वरही पाहिलं नाही. फूल दोऱ्यात सरकवत म्हणाली, "तू काय, तू रोज घरी येतेसच की."

कारखान्यात स्टूल रिकामं होतं, त्यावर कोणीतरी नारळाची पिशवी ठेवली. ओळ आली, मी सवयीने खाली आणून धरली, आणि एकटीने वाचली. त्या उत्तरावरून मी आईवर फार दिवस रागावले होते. तिचं ते बोलणं केवढं होतं ते ती गेल्यावर कळलं. मी अजून रोज घरी येते. कुलूप मीच उघडते.