मी मांडलेल्या खुर्च्या

उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा वास आला की मला धायरीतल्या सोसायटीच्या हॉलमधला तो बुधवार आठवतो. दर बुधवारी दुपारी तिथे आमचा गट जमायचा, घर खायला उठतं अशा दहाबारा जणांचा. गोल करून बसायचं, मनातलं बोलायचं आणि कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका दीड महिना येत होते, पण बोलायची वेळ आली की नुसती मान हलवायचे. मात्र सगळ्यांच्या आधी येऊन, रचून ठेवलेल्या खुर्च्या तेच गोलात मांडायचे. त्या दिवशी मी लवकर पोहोचले आणि वेळ वाचावा म्हणून खुर्च्या मांडून टाकल्या. काका दारात आले, "झालं वाटतं सगळं," म्हणाले आणि वळून जिना उतरू लागले. आपण काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं. आज गेले तर हे परत येणार नव्हते. मी चार खुर्च्या ओढून वाकड्या केल्या आणि जिन्यात जाऊन हाक मारली, "अहो काका, मला नीट जमलं नाही. बघता का जरा?" ते वर आले. "याला गोल म्हणतात होय? बटाटा झालाय." त्यांनी सगळ्या खुर्च्या पुन्हा लावल्या, आणि त्या दिवशी बोलायची वेळ आल्यावर म्हणाले, "बायको गेल्यापासून घरात एकच खुर्ची लागते." गट आता मी चालवते. हॉलचं कुलूप वेळेआधी उघडते, पण खुर्च्यांना हात लावत नाही.