धुण्यात गेलेली अन्नपूर्णा

हे गेल्यापासून मी देवघरासमोर बसले नव्हते. देवावर रागावले होते असं म्हणणं सोपं आहे, पण रागावण्यासाठीसुद्धा समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं. मला तेवढंही वाटत नव्हतं. आठ महिने डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत मी पुस्तक उघडून बसत होते आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होते. एक सवय मात्र सुटली नव्हती. लग्नात आईने दिलेली, अंगठ्याएवढी पितळी अन्नपूर्णा आमच्याकडे वाटीभर तांदळात उभी असते. ते तांदूळ मी दर शुक्रवारी बदलत होते. हात जोडत नव्हते.

व्हिएतनामची सहल आम्ही दोघांनी ठरवली होती. ह्यांनी त्यासाठी एक वही केली होती. रेषा आखून डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे त्यांची भाषा देवनागरीत. टपाल, औषधाचं दुकान, धोबी, रस्ता चुकलो तर, अशी एकेक पानं. ह्यांच्या जागी आता धाकटी नणंद शैला यायला तयार झाली. ती घोडबंदर रोडला राहते. "वहिनी, घरात बसून बसून भिंत होशील तू, चल," म्हणाली. विमानतळावर वही पाहून हसली, "दादा परदेशात चालला होता की दहावीला बसायला? अगं, मोबाइलमध्ये मराठीत बोललं की तो त्यांच्या भाषेत बोलतो." मग तिनेच पदर डोळ्यांना लावला.

अन्नपूर्णेवरूनही तिने मला टोकलं होतं. "देव कुणी सहलीला नेतं का? डब्यात तांदळात पुरून ठेव की, सगळे तेच करतात." खरंच तशी रीत आहे. पण मी तिला झाकणाच्या छोट्या डबीत, तांदळासकट, ह्यांच्या जुन्या पंच्यात गुंडाळून बॅगेत घेतलं. श्रद्धेने नव्हे. बंद घरात एकटं असणं काय असतं, ते मला नुकतंच कळलं होतं.

पाचव्या दिवशी आम्ही नदीकाठच्या एका जुन्या गावात होतो. पिवळ्या भिंती, दारादारांवर कागदी फुलांचे वेल, आणि सगळं पाण्यात बुडल्यासारखं मंद. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. शैलाने सकाळी घाई केली, "मळकं काय आहे ते दे, बाजारात किलोवर धुऊन देतात." मी बॅगेतले कपडे चाचपडत पिशवीत कोंबले. शैला ती देऊन आली, पावती माझ्या हातात ठेवली आणि सहलीतल्या बाकीच्या मंडळींबरोबर होडीत बसायला गेली. माझे पाय दुखत होते, म्हणून मी खोलीत राहिले.

दुपारी बॅग आवरताना पंचा दिसेना. सकाळच्या घाईत, डबीसकट, तो धुण्यात गेला होता. ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हाही मी असंच काहीतरी विसरले होते, तेच पुन्हा झालं असं वाटलं. आईने दिलेली ती एकच वस्तू होती, जिच्यासमोर आम्ही बत्तीस वर्षं जोडीने जेवायला बसलो. आता ती साबणाच्या पाण्यात फिरत असणार, नाहीतर कचऱ्यात. तिथलं सिमकार्ड शैलाच्या मोबाइलमध्ये होतं, माझा नुसता घड्याळासारखा. मी धुण्याची पावती आणि वही घेऊन निघाले.

पावती दाखवत गेले. कुणी बोट करी, कुणी चार पावलं सोबत येई. ऊन इतकं पांढरं होतं, की माणसं त्यातून उमटत आणि त्यातच विरत. दुकान सापडलं. माझ्याच वयाची एक बाई इस्त्री करत होती. मी धोब्याचं पान उघडून वाचलं. कपडे कधी मिळतील, डाग निघेल का, हा सदरा माझा नाही. ती भुवया उंचावून ऐकत राहिली. माझा देव तुमच्याकडे आलाय, असं वाक्य ह्यांनी कुठे लिहिलं असणार? पानं उलटता उलटता शेवटच्या पानावर आले. ते मी कधी उघडलंच नव्हतं. तिथे ह्यांच्या बारीक अक्षरात होतं: काहीच जमलं नाही तर 'सिन लॉय' म्हणजे माफ करा म्हणावं, हात जोडावे आणि थांबावं.

मी तसं केलं. आठ महिन्यांनी माझे हात जुळले, तेही कपड्यांच्या ढिगासमोर.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग इस्त्री उभी करून तिने माझं मनगट धरलं आणि यंत्रांच्या मागे, आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर एक लाल फळी होती. तिच्यावर एका हसऱ्या माणसाचा फोटो, दोन संत्री, तांदळाच्या वाटीत खोचलेल्या उदबत्त्या. आणि फोटोशेजारी, झाकण काढलेल्या माझ्या डबीत, माझी अन्नपूर्णा उभी. खाली स्वच्छ बशी. पंच्यात सांडलेले तांदूळ कमी पडले असावेत, तिने आपले लांबट तांदूळ घालून डबी भरली होती. तिला कुणी काय सांगितलं होतं? कुणीच नाही. तांदळात जे उभं असतं त्याला कुठे ठेवायचं, एवढं तिला ठाऊक होतं.

तिने फोटोला बोट लावलं, मग स्वतःच्या छातीला. मी दोरीवर वाळणाऱ्या पंच्याला हात लावला, मग माझ्या. आम्ही दोघी खाली बसलो. तिने चहा दिला, बिनदुधाचा. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी शैला चिडली. "मला फोन करवायचास ना हॉटेलातून! मोबाइलमध्ये विचारलं असतं."

"काय विचारलं असतंस?"

"हेच की... आमची देवी..." ती थांबली. डबी उचलून तिने नाकाशी धरली. "त्यांनी उदबत्तीसुद्धा लावली गं, वहिनी?"

डोंबिवलीला आल्यावर शुक्रवारी मी तांदूळ बदलले. जुने टाकायचे नसतात, त्यांचा भात करतात. आपले बुटके आणि त्यांचे लांबट मी वेगळे केले नाहीत. भात थोडा मऊ, थोडा टणक झाला. अन्नपूर्णेला नैवेद्य दाखवून मी तो जेवले.

हा चमत्कार होता का, मला माहीत नाही, आणि त्या बाईचं नावही माहीत नाही. रोज तिची आठवण काढते. आता सकाळी देवघरासमोर बसते. मागायला शब्द सापडत नाहीत, ते शोधतही नाही. हात जोडते आणि थांबते.