जरा बाजूला व्हा, हिरोईन दिसत नाहीये!

शूटिंगला जाऊन आलेल्या माणसाला विचारा, "आज काय केलंस?" खरं बोलणारा असेल तर तो एकच उत्तर देईल, "बसलो होतो." सकाळी सातचा कॉल, दुपारी मेकअप, संध्याकाळी शॉट. शॉट म्हणजे काय, तर हिरो फोनवर बोलत असताना मागून पिशवी घेऊन चालत जायचं. बाकीचा अख्खा दिवस प्लास्टिकच्या खुर्चीवर! त्या खुर्चीवर पाठीला घाम साचतो आणि डोक्यात किस्से. घाम आंघोळ केली की जातो. किस्से तसेच राहतात.

आम्ही चौघं. लालबागचा दिल्या परब, प्रभादेवीच्या मंदामावशी, गिरगावचे बापू आणि मी, सुहास. मी दादरला एका ट्रॅव्हल कंपनीत लोकांच्या सहली बुक करतो आणि स्वतःच्या रजा शूटिंगला घालवतो. आमची ओळख झाली ती एका मालिकेतल्या लग्नाच्या पंगतीत. चौघंही शेजारी शेजारी बसून रिकाम्या पानावरचा नसलेला मसालेभात कालवत होतो. मंदामावशी तर वाढप्याला "अरे, मीठ राहिलं!" म्हणून ओरडल्या सुद्धा. तेव्हापासून आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नाव, 'हिरोच्या मागचे'.

*

दिल्याला पहिला मोठा ब्रेक मिळाला तो मेल्यावर!

म्हणजे असं, की एका मालिकेत हिरोईनचे स्वर्गवासी वडील हवे होते. फक्त फोटोत. दिल्याने शर्टाची वरची बटणं लावली, मान जराशी तिरकी केली, फोटो निघाला, फ्रेम झाली, हार पडला. आणि मालिका अशी चालली की विचारू नका! हिरोईन उठता-बसता बापाच्या फोटोसमोर येऊन रडायची. दिल्या रोज साडेसातला टीव्हीवर. आमच्यापैकी कुणाचंच नख सुद्धा कधी इतकं दिसलं नव्हतं.

दिल्याची बायको म्हणायची, "घरात याला चहा विचारायला मला वेळ नाही. आणि तिथे रोज उदबत्ती!"

एके दिवशी दिल्या माटुंग्याच्या बाजारात भाजी घेत होता. समोरून एक आजी आल्या, त्याच्याकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबल्या. हातातला दुधी खाली पडला.

"अहो... तुम्ही गेलात ना?"

दिल्या म्हणाला, "गेलो, आजी. पण भाजी मलाच आणावी लागते."

*

मंदामावशींची खासियत रडण्यात. कुठल्याही मालिकेत कोणी गेलं की आजूबाजूला रडणाऱ्या चार बायका लागतात, त्यात मावशी हमखास. पण त्या मूळच्या मालवणकडच्या. त्यांच्याकडे मयताला रडायचं म्हणजे तीन वाड्यांत ऐकू गेलं पाहिजे. पहिल्याच टेकला मावशींनी असा हंबरडा फोडला की साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढून फेकले. शिवाय छाती बडवत बडवत त्या थेट कॅमेऱ्यासमोरच येऊन बसल्या.

डिरेक्टर ओरडला, "मावशी, जरा बाजूला व्हा, हिरोईन दिसत नाहीये! आणि थोडं कमी रडा!"

मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "अरे बाबा, माणूस गेलो ना? मग कमी कसा रडूचा?"

आता गंमत अशी, की हिरोईनला रडूच येत नव्हतं. ग्लिसरीन घालून झालं, डोळे लाल झाले, पण चेहरा कोराच. डिरेक्टर घड्याळाकडे बघायला लागला. तेवढ्यात मावशी सरकत सरकत तिच्या शेजारी गेल्या आणि तिच्या कानात काहीतरी बोलल्या. झालं! पोरगी जी रडायला लागली, ती थांबेचना. मेकअप वाहून गेला, हेअरवाली रडायला लागली, प्रेताच्या सुद्धा डोळ्यांतून पाणी आलं. शॉट एकदम ओके.

आम्ही मावशींना घेरलं. "काय बोललात एवढं?"

"काय नाय रे. इतक्याच विचारलंय, 'सकाळपासून जेवलंस गो?'"

*

बापू बँकेतून रिटायर झालेले. पांढरे केस, सोनेरी काड्यांचा चष्मा, भारदस्त आवाज. त्यामुळे ते कायम डॉक्टर. ऑपरेशन थिएटरचा दरवाजा उघडायचा, बाहेर यायचं, एक वाक्य बोलायचं आणि जायचं. गेल्या काही वर्षांत बापूंनी ज्यांना मेल्याचं जाहीर केलं, त्यांची एक सोसायटी होईल!

एकदा एकाच हॉस्पिटलच्या सेटवर लागोपाठ दोन मालिकांचं शूटिंग होतं. दोन्हीकडे डॉक्टर बापूच. सकाळच्या मालिकेत बाळ जन्मणार, दुपारच्या मालिकेत आजोबा जाणार. बापूंनी दोन्ही वाक्यं घोटून घोटून पाठ केली होती.

दुपारी दरवाजा उघडला. बाहेर अख्खं कुटुंब देवाचा धावा करत उभं. बापू आले, चष्मा काढला, खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "अभिनंदन! दोघंही सुखरूप आहेत."

हिरो कसलेला नट. त्याने भूमिका न सोडता विचारलं, "दोघं... कोण डॉक्टर?"

"सॉरी, सॉरी" म्हणत बापू डिरेक्टरचे पाय धरायच्या बेतात होते, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला लेखक ताडकन उठला. "थांबा! कोणी हलू नका! आजोबांना जुळा भाऊ आहे!"

ती मालिका त्या जुळ्या भावावर पुढे सहा महिने चालली. आजोबांचं काम करणारे नट दिवाळीला बापूंच्या घरी मिठाई घेऊन आले होते.

*

हल्ली ऑडिशनला जावं लागत नाही. घरीच मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि पाठवायचा. पण दिल्याचं घर म्हणजे लालबागच्या चाळीतली खोली. तिथे शांतता कुठून आणायची? त्याला खलनायकाचं ऑडिशन मिळालं. चांगला पानभर डायलॉग. बायकोला माहेरी पाठवलं, पंखा बंद केला, दाराला कडी. मोबाइल तांदळाच्या डब्यावर उभा केला आणि डोळ्यांत अंगार आणून म्हणाला, "या शहरात आता फक्त माझा शब्द चालणार..."

बाहेरून शेजारच्या नाईकवहिनींची आरोळी आली, "पाणी इला रे, इला! हंडे काढा!"

दिल्याने पुन्हा केलं, तर कुकरची शिट्टी. पुन्हा केलं, तर रद्दीवाला. शेवटी वैतागून त्याने पहिलाच व्हिडिओ पाठवून दिला.

दुसऱ्याच दिवशी फोन! दिल्याने आम्हाला कॉन्फरन्सवर घेतलं, म्हणजे आनंदाची बातमी सगळ्यांना एकदम कळावी. आम्हाला कामं देणारा कोऑर्डिनेटर म्हणाला, "परब, तुमचा व्हिडिओ डिरेक्टरना जाम आवडला."

"थँक्यू सर!"

"काय एनर्जी आहे! काय नॅचरल आवाज!"

"थँक्यू, थँक्यू सर!"

"तर त्या मागून ओरडणाऱ्या बाईंचा नंबर पाठवा ना."

दिल्या मनाचा मोठा. तो स्वतः नाईकवहिनींकडे गेला, त्यांना सगळं समजावून सांगितलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शूटिंग किती वाजता?"

"सकाळी सात."

"मग मेल्या, पाणी कोण भरणार?"

*

माझं स्वतःचं मोठ्या पडद्यावरचं पदार्पण पाठमोरं झालं. एका सिनेमाच्या हिरोला तारखा नव्हत्या आणि शेवटचा एक शॉट राहिला होता. चौपाटीवरून तो दूर दूर चालत जातो, एवढाच. कोऑर्डिनेटरचा फोन आला, "सुहास, उद्या तुझी पाठ मोकळी आहे का?"

सिनेमा लागला तेव्हा मी घरच्यांना घेऊन दादरला थिएटरात गेलो. बायको, आई आणि परळची आत्या. शेवटचा शॉट आला. मावळता सूर्य, व्हायोलिन, लोक नाकं पुसतायत. आणि अंधारातून आत्याचा आवाज, "सुहास्या, सरळ चाल की रे!"

पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळला. "आजी, तो हिरो आहे."

"असेल तुझा हिरो! हा लहानपणापासून असाच खांदा पाडून चालतो."

आईने पुरावा दिला, "आणि डोक्यावर दोन भोवरे बघा! हिरोला आहेत का दोन?"

दिवे लागल्यावर तो माणूस माझ्याजवळ आला. "खरंच तुम्हीच होतात? एक सेल्फी घेऊ?" माझी छाती फुगली. केस सारखे केले, हसलो.

तो म्हणाला, "तसं नाही. वळा."

*

आणि बापूंची फिल्म. एका नव्या मुलीने छोटी फिल्म काढायला घेतली आणि त्यात बापूंना चक्क आजोबांची मुख्य भूमिका दिली. डॉक्टर नाही, खराखुरा माणूस! चेहऱ्यावर कॅमेरा येणार, तोही आयुष्यात पहिल्यांदा. शूटिंग खोताच्या वाडीतल्या एका लाकडी घराच्या ओट्यावर. आम्ही तिघंही रजा टाकून बघायला गेलो.

सीन असा, की म्हातारा बायकोला विचारतो, "इतकी वर्षं संसार केलास. तुला काय हवं होतं, हे मी कधी विचारलंच नाही. काय हवं होतं तुला?" आणि ती म्हणते, "मला काही नको. तुम्ही आहात ना." मग बापूंचा चेहरा. बस.

बायकोचं काम करणाऱ्या बाई मोठ्या नटी. त्यांनी आपले शॉट दिले आणि दुसऱ्या शूटिंगला निघून गेल्या. आता कॅमेरा बापूंवर, आणि समोर असिस्टंट कागदात बघून वाचतोय, "मला काही नको तुम्ही आहात ना." बापूंचा चेहरा हलेचना! एक टेक, दुसरा, पाचवा. ऊन ओट्यावरून खाली उतरायला लागलं. दिग्दर्शिका कॅमेरामनला हळूच म्हणाली, "पाठीमागून घेऊ या का?"

ते बापूंना ऐकू गेलं. मंदामावशींनी माझा हात घट्ट धरला.

बापूंच्या बायको, शालनकाकू, त्यांची बीपीची गोळी घेऊन आल्या होत्या आणि पायरीवर बसल्या होत्या. महिनाभर भाजी निवडता निवडता त्यांनीच बापूंना घरी बायकोची वाक्यं म्हणून क्यू दिला होता. त्या पदर सारखा करत उठल्या. "मी बोलते की. मला पाठ आहे."

काकू कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहिल्या. बापूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "इतकी वर्षं संसार केलास. तुला काय हवं होतं, हे मी कधी विचारलंच नाही. काय हवं होतं तुला?"

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आम्हाला वाटलं, विसरल्या. मग त्या म्हणाल्या, "आत्ता विचारताय?"

बापूंचा चेहरा जो झाला, तो मला सांगता येणार नाही. बऱ्याच वेळाने दिग्दर्शिकेला "कट" म्हणायचं सुचलं. ती धावत आली. "बापू! हे एक्स्प्रेशन कुठून आणलंत?"

बापू चष्मा पुसत म्हणाले, "घरून."

टाळ्या झाल्या, पॅकअप झालं, लोक वायरी गुंडाळायला लागले. लाइटदादाने बटणाकडे हात नेला, तेवढ्यात शालनकाकू बापूंच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"दादा, लाइट राहू दे जरा," त्या म्हणाल्या. "माझं उत्तर अजून व्हायचंय."