डोरीनची गोल पोळी

माझी सवत काल गेली.

वय ऐंशीच्या पुढे. नाव डोरीन. आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहायची.

हसू नका. मी त्या बाईवर मनापासून जळायचे. आजही जळतेय, फक्त डोळे सुजलेत.

लग्नानंतर काही महिन्यांतच आम्ही दोघं इथे इंग्लंडमध्ये, रीडिंग नावाच्या गावी शिकवायला आलो. एकच शाळा. अनिकेत फिजिक्स, मी मॅथ्स. पहिली टर्म कशी गेली ते विचारू नका. घरी यायचं, मार्किंग करायचं, झोपायचं. नव्या नवऱ्याशी माझं बोलणं व्हायचं ते स्टाफरूममध्ये, तेही फोटोकॉपियर बंद पडल्याबद्दल.

म्हणून ख्रिसमस माझा होता. ट्रेन बंद, बस बंद, दुकानं बंद. एक छोटं ट्री, माझा लाल ड्रेस आणि आम्ही दोघं. सगळं ठरलेलं.

सकाळी अनिकेत कचरा टाकायला खाली गेला आणि डोरीनला घेऊन वर आला.

"अगं, तिचा ओव्हन बिघडलाय. आणि आज एकटीच आहे ती. आपला वापरू दे ना."

मागे डोरीन. हातात ट्रे, ट्रेमध्ये अख्खी कोंबडी, डोक्यावर ख्रिसमसचा कागदी मुकुट.

मी हसले. हसावंच लागतं.

मग बेडरूममध्ये जाऊन आईला व्हिडिओ कॉल लावला आणि डोरीनची तक्रार सुरू केली. तेवढ्यात स्मोक अलार्म कोकलायला लागला.

आता खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या ओव्हनमध्ये कढया आणि तवे ठेवलेले असतात? माझ्याही होते. शिवाय पोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा होता आणि आईने लग्नात दिलेला सागवानी पोळपाट होता. डोरीनने आत न बघताच ओव्हन तापत ठेवला. ओव्हनमध्ये कुणी संसार ठेवत असेल हे तिला कसं कळणार?

डबा वितळून ओव्हनभर पसरला. पोळपाट एका बाजूने काळाठिक्कर, मधोमध तडा.

"ओव्हनमध्ये लाकूड कोण ठेवतं?" ती इंग्रजीत.

"सगळे ठेवतात! आमच्याकडे सगळे!" मी मराठीत. "आईने दिला होता तो!"

अनिकेत टॉवेलने धूर हाकलत होता. भाषांतर करायची त्याची हिंमत झाली नाही.

डोरीन खाली गेली. मला वाटलं, गेली एकदाची.

परत आली ती पेस्ट्री लाटायची स्वतःची फळी घेऊन. जुनी, गुळगुळीत, तिच्या सासूने तिला दिलेली.

"आजपासून ही तुझी," म्हणाली.

अशा बाईवर धड रागावताही येत नाही, त्याचाच जास्त राग येतो.

ओव्हन तर बाद. मग कोंबडीचे तुकडे केले आणि आईच्या काळ्या मसाल्याचा रस्सा कढईत चढवला. मी पोळ्या लाटायला घेतल्या. नव्या फळीवर हात बसेना. पहिल्याच पोळीला कोपरे आले.

"मी बघू का?" डोरीन.

आयुष्यभर ख्रिसमसच्या मिन्स पायच्या पाऱ्या लाटलेली बाई ती. पहिली पोळी गोल. तव्यावर टम्म फुगली पण.

अनिकेतने लगेच फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी हार्टच्या रांगा पाठवल्या. माझ्या पोळ्यांना त्यांनी आजवर फक्त अंगठा दाखवलाय.

लाल ड्रेसकडे त्या दिवशी कुणाचं लक्षही गेलं नाही.

त्यानंतर हा रोज शाळेतून आला की चहाला खाली. एकदा डोरीनच मला जिन्यात म्हणाली, "आता बरा आहे ना तो? त्या इयर नाइनच्या पोरांनी फारच रडवलं बिचाऱ्याला."

रडवलं? माझा नवरा रडला, तिच्या किचनमध्ये, आणि मला पत्ताच नाही.

"मला का नाही सांगितलंस?" मी वर येऊन अनिकेतला विचारलं.

"तू टेन्शन घेतेस गं."

"आणि ती काय घेते?"

"ती काही घेत नाही. टोस्ट देते."



मग मीही जायला लागले. तो फुटबॉल खेळायला गेला की हळूच खाली. त्याच्याच तक्रारी घेऊन. मलाही टोस्ट मिळायचा. तिने ह्याचं मला आणि माझं ह्याला कधी सांगितलं नाही. तिच्या जॉर्जबद्दल मात्र खूप सांगायची. नवरा तिचा, आम्ही इथे येण्याच्या कितीतरी आधी गेलेला.

पुढचे सगळे ख्रिसमस तिघांचे झाले. कागदी मुकुट घालून रस्सा आणि पोळी. पोळ्या तिच्याच.

आणि कधी कोण जाणे, माझं जळणं फिरलं. मी खाली गेल्यावर तिने आधी "अनिकेत कुठेय?" विचारलं की मला राग यायचा. तिचा नाही, त्याचा.

शेवटचे काही दिवस ती हॉस्पिसमध्ये होती, बरं न होणाऱ्यांना जिथे सांभाळतात तिथे. काल तिथून फोन आला तेव्हा मी मॉक एक्झामच्या हॉलमध्ये सुपरव्हिजनला होते. त्याचा फ्री पिरियड होता. तो धावला. मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं. तो कॉटजवळ बसलेला, तिचा हात त्याच्या हातात.

मला रडू आलं, पण पहिला प्रश्न हाच बाहेर पडला.

"माझं नाव घेतलं का रे तिने?"

तो खोटं बोलू शकला असता.

"नाही गं. माझंही नाही. माझा हात घट्ट धरून ती जॉर्ज, जॉर्ज म्हणत होती."

घ्या. आम्ही दोघं तिच्यासाठी भांडत बसलो आणि बाई तिसऱ्याचीच निघाली. आता मी जॉर्जवर जळतेय. त्याला तर मी बघितलेलंही नाही.

आज तिच्या फळीवर पोळ्या लाटल्या. कोपरे आले. अनिकेतने मुकाट्याने खाल्ल्या. मग ताटावरच रडला, माझ्यासमोर, पहिल्यांदा. मला दुसरं काही सुचेना. उठून टोस्ट केला.

ख्रिसमस आलाच आहे. यंदा आम्ही दोघंच. पहिल्या वर्षी मला हवा होता अगदी तसा.

नकोय मला तो.

डोरीन, भावपूर्ण वगैरे लिहायला हात वळत नाही गं.

जा आता. जॉर्जला गरम पोळी वाढ.

आणि गोल झाली तर मला कळवू नकोस.