चकत्यांचा डबा

ही गोष्ट घरात काढायची मला मनाई होती. मनाई बायकोची. गोष्ट तिच्या थोरल्या भावाची, आणि त्यातलं वाईट काम माझं. माघात ती गेली. आता अडवणारं कोणी नाही, आणि पोरं माझं ऐकतच नाहीत, म्हणून लिहितो. शिक्षण म्हणाल तर आठवी पास, नववी दोनदा नापास. शुद्धलेखन पाहिजे असेल त्याने दुसरं काही वाचावं.

वर्ध्याच्या बाजूला गोऱ्या फादरांचं हायस्कूल होतं, वसतिगृहासकट. आम्ही बौद्ध होऊन वर्षच झालं होतं. बाप म्हणाला, देव सोडले, आता शीक. आणि शिकायला पाठवलं कुठं, तर जिथं जेवायच्या आधी देव, जेवल्यावर देव आणि गणिताच्या तासालाही देव. पण शाळा चांगली होती. मारायचे कमी, शिकवायचे जास्त. मी शिकलो नाही हा दोष शाळेचा नाही.

रोज सकाळी मिस्सा, म्हणजे त्यांची मोठी प्रार्थना. आम्हा बिगरख्रिस्ती पोरांना मागच्या बाकावर बसवत. ख्रिस्ती पोरं पुढे जाऊन गुडघे टेकत, फादर त्यांच्या जिभेवर एक पांढरी पातळ चकती ठेवत, आणि पोरं डोळे मिटून, हात जोडून परत येत. तोंड असं की जणू तूपसाखर खाल्ली. आम्ही मागे उपाशी. मला खात्री होती, ती चकती पेढ्याच्या जातीची असणार. कशी लागते म्हणून विचारलं तर म्हणत, "तुले नाई समजणार." यानं भूक वाढली.

माझा मित्र सेलूचा. तोही आमच्यातलाच. वर्गात पहिला. हुशार म्हणून फादरांच्या विश्वासातला, आणि विश्वासातला म्हणून प्रार्थनाघर झाडायचं काम त्याच्याकडे. किल्लीही त्याच्याकडेच.

एका शनिवारी तो फरशी पुसायला विहिरीवर पाणी आणायला गेलता. मी आत शिरलो. बाजूच्या खोलीतलं कपाट उघडं होतं. त्यात चकत्यांचा डबा. एक तोंडात टाकली. कागद! वाटलं, ही खराब निघाली असेल. दुसरी टाकली. तीही कागद. मग मूठभर एकदम टाकल्या. चव शोधता शोधता डबा संपला.

रविवारी खेड्यापाड्यांवरून ख्रिस्ती माणसं आली आणि डबा रिकामा. फादरांनी आपली एकच मोठी चकती तिळाएवढे तुकडे करून सगळ्यांना पुरवली. दुपारी वसतिगृहात आले. आवाज चढवला नाही.

"डब्यातल्या चकत्यांवर प्रार्थना झाली नव्हती, त्या अजून साधे पीठच होत्या," ते म्हणाले. त्यांचं मराठी पुस्तकातलं, आमच्यापेक्षा शुद्ध. "परंतु चोरी ती चोरी. किल्ली एकाजवळच असते. पुढच्या सोमवारपर्यंत खरे काय ते कळले नाही, तर तो मुलगा घरी जाईल."

मित्र एवढंच म्हणाला, "मी नाई खाल्ल्या."

संध्याकाळी त्यानं मला गोठ्यामागे धरलं. "काय बे, तूच ना? शर्टावर पीठ होतं तुया."

मी शर्ट झटकला.

"मी नाव नाई घेणार. पण तू सांगून दे. मले काढलं तर बाप कापसाच्या जिनिंगमधी घालते कामाले. मंग झाली माई शाळा."

"सांगतो."

"कवा?"

"सांगतो म्हटलं ना बे!"

सांगायची हिंमत होईना. मग शनिवारी ख्रिस्ती पोरांची रांग दिसली. प्रार्थनाघरात लाकडाची एक पेटी होती. आत फादर बसत, मधे जाळी, आणि पोरं जाळीला तोंड लावून आपली पापं सांगत. सांगितलं की माफ. मी म्हटलं, यापेक्षा सोपं काय! सांगणंही होते आणि माफीही भेटते. लागलो रांगेत.

"फादर, चकत्या मी खाल्ल्या."

फादर जाळीजवळ सरकले. मग, "बाळ, तुझा बाप्तिस्मा झाला आहे का?"

"नाई फादर. आमी बौद्ध."

मग हळूच, "जा. देव तुला क्षमा करो."

"मंग त्याले नाई ना काढणार?"

"जा, बाळ."

मी उड्या मारत बाहेर आलो. मित्राला म्हटलं, "झालं काम." त्या रात्री तो आठवडाभरात पहिल्यांदा पोटभर जेवला.

रविवारी फादरांनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावलं. "तुला मला काही सांगायचे आहे?"

"सांगतलं ना फादर, काल."

"काल? मला काहीही ठाऊक नाही. इथे, या खुर्चीसमोर, काही सांगायचे असेल तर सांग."

मला वाटलं, वा! फादर मला वाचवून राह्यले. वरून जणू डोळे मिचकावून मलाही गप्प राहायला सांगून राह्यले. मीही समजूतदार झालो. म्हटलं, "मलेही काई ठाऊक नाई, फादर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तीनदा तेच विचारलं. तीनदा मी समजूतदारपणा केला.

सोमवारी मित्राची पत्र्याची पेटी फाटकाशी. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी मात्र फादरांवर चिडलो. एवढा मोठा माणूस, आणि सांगितलेलं विसरतो!

दोन दिवसांनी एका ख्रिस्ती पोराजवळ तसं बोललो, तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अबे बैला, पेटीत ऐकलेलं फादर मेले तरी बाहेर काढत नाईत. म्हणून तं तुले ऑफिसात बोलावलं. तिथं सांगतलं असतंस तं झालं असतं."

मी तसाच ऑफिसात पळालो आणि सगळं ओकलो. फादर खुर्चीतून उठले ते थेट सायकलवर. मागच्या कॅरिअरवर मी.

सेलूत मित्राचा बाप अंगणात बसला होता. मित्र नुकताच जिनिंगमधून आलेला, केसांत सरकीचा कापूस. फादरांनी सरळ हात जोडले. "माझे चुकले. मुलाला परत न्यायला आलो आहे." पोराचे डोळे चमकले, ते मी पाहिले. बाप नरमला होता. "असं म्हणता तं..." म्हणत तो उठलाही होता. तेवढ्यात मित्रानं मला विचारलं, "तू तं शनिवारीच झालं काम म्हणला होता. काऊन नाई सांगतलं?"

आणि मी, स्वतःची लाज राखायला, बोललो. "सांगतलं होतं! शनिवारीच सांगतलं होतं फादरले!"

बाप जागीच थांबला. "काय हो, हे खरं हाय? तुम्हाले माहीत होतं?"

फादर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पेटीचा नियम माहीत होता तो आम्हा दोघांनाच, आणि समजावून सांगायची अक्कल माझ्यात नव्हती.

"माहीत असून माया पोराले चोर म्हणून धाडलं," बाप म्हणाला. "त्या जातपातीतून बाहेर पडलो ते दुसऱ्याच्या दारात मान खाली घालाले नाई. नाई येत तो."

आत एक सात-आठ वर्षांची पोरगी होती. तिनं फादरांना पाणी आणून दिलं. मला नाही दिलं. पुढे तीच माझी बायको झाली.

मित्र शाळेत परत गेला नाही. माझं नाव फादरांनी शाळेच्या पटावर राहू दिलं, आणि त्या जागेचं मी काय केलं ते वर लिहिलंच आहे. मला बहीण द्यायला त्यांच्या घरात सगळ्यांचा नकार होता. होकार एकट्या त्याचा. म्हणाला, "याले लपवता येत नाई काई. बहीण सुखी राहीन."

परवा तो आला होता. जिनिंगच्या धुळीनं छाती भरलेली, दोन पावलं चालला की थांबतो. तिच्या फोटोसमोर बसला. पोरीनं चहा आणला. मी म्हटलं, "तू शिकला असतास तर मोठा साहेब झाला असतास." इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं.

तो दम खात म्हणाला, "आता कायले सांगतं मले? ती असताना सांगाचं होतं. गंमत नको होती तिले, हेच आयकाचं होतं तुया तोंडून."