स्थळासाठी फोटो

महिपत घाडीगावकरने कॅमेरा घेतला तेव्हा त्याला फोटोग्राफीत काडीचा रस नव्हता. मानपाड्याच्या कारखान्यात त्याच्या शेजारच्या लेथवर नामा म्हात्रे काम करायचा. नामाचा मेहुणा दुबईहून आला तो दोन कॅमेरे घेऊन. त्यातला एक खपेना. नामा रोज डब्याच्या सुट्टीत मागे लागायचा.

"घे रं. तुजे भयनीचे लग्नाला कामाला येल."

महिपतने शेवटी कंटाळून घेतला. बहिणीच्या लग्नासाठी, एवढंच मनात होतं. सत्त्याऐंशी साल होतं ते.

बहीण म्हणजे हेमा. सव्वीस वर्षांची. कल्याणला एका वकिलाकडे टायपिंग करायची. वडील गेल्यापासून घर महिपतवर होतं, आणि घर म्हणजे मुख्यतः हेमाचं लग्न. ते होईपर्यंत महिपतच्या लग्नाचा विषय काढायचा नाही, असं आईने, कलावतीबाईंनी, ठरवून टाकलेलं. तो तिशी ओलांडून गेलेला. त्याची तक्रार नव्हती. शांत माणूस होता. डोंबिवलीत पूर्वेला दोन खोल्या, बाहेर गॅलरी, संध्याकाळी गॅलरीत उभं राहून चहा. एवढ्यावर तो खूश असायचा.

पहिला रोल धुऊन आला. त्यात सगळ्यांची डोकी कापलेली. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. महिपत लेथवर केसाएवढा फरक पकडणारा माणूस. त्याला ते सहन झालं नाही. त्याने दुसरा रोल आणला. मग तिसरा. मग कोणीतरी सांगितलं, ठाण्याला रविवारी एका शाळेच्या वर्गात फोटोग्राफीची हौस असलेले लोक जमतात. तो तिथे गेला.

तिथे दामले सर म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी महिपतने आणलेले फोटो पत्त्यांसारखे भराभर पाहिले आणि परत दिले.

"घाडीगावकर, समोरून उजेड टाकला की माणसाचा चेहरा चपातीसारखा दिसतो. उजेड बाजूने येऊ द्या. अर्धा चेहरा अंधारात जातोय का? जाऊ द्या. माणूस त्या अंधारात असतो."

त्या रविवारपासून महिपत बिघडला.

त्याला बसवेना. जेवताना ताटावरून उठून गॅलरीत जायचा, कारण समोरच्या बिल्डिंगच्या काचेवरून उजेड वळून आलेला असायचा. परत येईपर्यंत आमटी गार. रस्त्यात चालता चालता थांबायचा आणि केळीवाल्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. केळीवाला विचारायचा, काय पाहिजे? महिपत म्हणायचा, काही नाही, तुम्ही विका. कारखान्यात एकदा नामा वैतागला.

"माजे तोंडाकं काय बगतंस? मशिनीकं बग. बोट जाल."

घरात त्याने मोरीची डार्करूम केली. दुपारी दाराला घोंगडी ठोकायची, लाल बल्ब लावायचा आणि आत बसायचं. आंघोळीसाठी कोणी थांबलेलं असेल तर ते थांबायचं. संध्याकाळी नळाला पाणी यायचं ते तासभर. त्या तासाभरात आईला हंडे भरायचे असायचे आणि महिपतला फोटो धुवायचे असायचे. फोटो वाहत्या पाण्यात धुवावे लागतात. आई नळाखाली हंडा सरकवायची, महिपत तो बाजूला करून ट्रे सरकवायचा. एकदा शेजारच्या मंजुळाकाकूंकडून प्यायचं पाणी आणावं लागलं. काकूंनी कळशी देताना विचारलं, "पाहुणे आलेत का?" आई म्हणाली, "नाही. फोटो आलेत."

हेमा हसण्यावारी न्यायची. उलट मदत करायची. महिपतच्या हाताला घाम यायचा, म्हणून रोल तीच भरून द्यायची. तिची बोटं टायपिंगची, भराभर चालायची.

मग शहाडचं स्थळ आलं.

स्थळ गंगूमावशीने आणलेलं. मावशी शहाडलाच राहायची. राऊळांचा मुलगा, दिगंबर, चांगल्या कंपनीत, घर स्वतःचं, गाव कुडाळकडचं. पत्रिका जुळली. राऊळांनी फोटो मागितला. तेव्हा मुलीचा फोटो म्हणजे ठरलेली गोष्ट होती. स्टेशनजवळच्या स्टुडिओत जायचं, ठेवणीतली साडी नेसायची, प्लास्टिकच्या फुलांच्या कुंडीशेजारी उभं राहायचं. पोस्टकार्ड साइज, रंगीत. सगळ्या मुलींचे फोटो सारखेच यायचे, आणि बघणाऱ्यांना त्यातून कळायचं ते कळायचं.

महिपत म्हणाला, "स्टुडिओत नाही. मी काढणार."

आई म्हणाली, "काढ बाबा, पण लवकर."

लवकर झालं नाही. रविवारी त्याने हेमाला खिडकीशी बसवलं. मान वळव. एवढी नको. कपाटाकडे बघ. कपाटाकडे बघतेयस असं नको दिसायला. हेमा बसून राहायची. गॅसवर दूध उतू जायचं. मोरीतून फोटो बाहेर यायचे आणि महिपत ते फाडायचा. एकात कपाळ चमकलं, एकात मागची दोरी आली, एकात ती कंटाळलेली दिसली. ती कंटाळलेलीच होती. पुढचा रविवार ढगाळ निघाला. त्यानंतरच्या रविवारी उजेड चांगला होता, पण हेमाला सर्दी.

"दादा," ती नाक पुसत म्हणाली, "माझं लग्न या वर्षी होणार का पुढच्या उजेडात?"

गंगूमावशीचे निरोपावर निरोप यायला लागले. राऊळ विचारतायत. मुलीला दाखवायचं नाहीये का?

अखेर एक फोटो त्याला पटला. काळापांढरा. खिडकी उजव्या अंगाला. हेमाचा अर्धा चेहरा उजेडात, गालाचं हाड, डोळा, ओठांचा कोपरा. उरलेला अर्धा काळोखात बुडालेला. महिपत तो हातात धरून खोलीत फेऱ्या मारत होता.

हेमाने बघितला. "अर्धी मी कुठे गेले?"

"सावलीत आहेस."

"पाठव एकदाचा."

आई म्हणाली, "रंग कळत नाही. मुलगी गोरी का सावळी ते कळायला नको?" पण तोवर पाकीट बंद झालेलं होतं.

आठवडाभराने गंगूमावशी स्वतः आली. चप्पल काढता काढताच बोलायला लागली.

"ते विचारतायत, मुलीच्या डाव्या बाजूला काय आहे?"

"काय असणार?" हेमा म्हणाली. "कान."

"थट्टा नको. त्यांचं म्हणणं, एवढा अर्धा चेहरा लपवलाय म्हणजे काहीतरी असणार. भाजल्याचा डाग तरी, नाहीतर डोळा तरी. आणि राऊळीणबाई बोलल्या ते आता सगळ्यांत झालंय. परवा अंबरनाथच्या एका बाईने मला विचारलं, तुमच्या भाचीला एका डोळ्याने दिसत नाही ना?"

महिपत म्हणाला, "मावशी, तो साइड लाइट आहे."

"मेला तुझा लाइट," मावशी म्हणाली. "त्या स्थळाकडून नकार आला असता तर दुसरं बघता आलं असतं. आता डोळ्याची बोंब झाली म्हणजे दुसरं येईल का? मी त्यांच्या पाया पडून सांगितलंय, या आणि बघा. रविवारी येतायत. ते बघून गेले, त्यांच्या तोंडून गेलं की मुलगी धड आहे, तरच हे थांबेल."

महिपतला त्या आठवड्यात झोप लागली नाही. लेथवर त्याने एक जॉब बिघडवला. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्याला आपली चूक कळलेली. तरी तो फोटो मनातून जात नव्हता. फोटो चांगला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे त्याला सुटेना.

रविवारी आईने सकाळीच सांगितलं, "आज तो कॅमेरा दिसता कामा नये." त्याने तो कपाटावर ठेवला आणि वर वर्तमानपत्र टाकलं.

राऊळ तिघं आले. दिगंबर, त्याची आई रंगूबाई आणि मामा. दिगंबर खाली बघत बसला. पोहे आले, ते देणारी हेमा आली, समोरच्या खुर्चीवर बसली. नाव, शिक्षण, नोकरी, स्वयंपाक. सगळं रीतीप्रमाणे. महिपत कपाटाला टेकून उभा होता.

मग रंगूबाईंनी ताटली खाली ठेवली.

"बाय, जरा उजेडाकडे तोंड कर."

हेमाने तोंड वळवलं.

"दुसरीकडून. केस मागं घे कानावरचे. हां. आता वर बघ."

मावशी पदराशी चाळा करत होती. मामाने खिशातून चष्मा काढला, घातला, खुर्ची पुढे ओढली. त्याने हेमाच्या उजव्या डोळ्यापुढे आपला पंजा आडवा धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्यासमोर धरली.

"किती दिसतात?"

हेमाने मान हळू वळवली. गॅलरीतून चारचं ऊन आत आलेलं. ते तिच्या डाव्या गालावर आलं, मग डोळ्यात आलं. पंजाची सावली नाकावर पडली. त्या डोळ्यात जे होतं ते महिपतने तिच्या जन्मापासून तिच्या तोंडावर पाहिलेलं नव्हतं. त्याला एवढंच कळलं की आपला हात कपाटावर गेलाय. वर्तमानपत्र खाली पडल्याचं त्याला ऐकू आलं नाही.

शटर वाजलं.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. महिपतचा डोळा कॅमेऱ्यालाच होता. अंगठ्याने त्याने रोल पुढे ओढला.

"हलू नकोस," तो म्हणाला.

रंगूबाईंनी मावशीकडे बघितलं. मामाचा पंजा हवेत तसाच राहिला. आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

हेमा उठली. महिपतच्या जवळ आली. त्याच्या हातातून तिने कॅमेरा घेतला, एखाद्या लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तसा. बाजूची खुंटी वर ओढली. मागचं झाकण उघडलं. रोल बोटाने उपसून उन्हात धरला, म्हणजे काढलेले फोटो गेले. रोल भरायची रोजची सवय, तिला वेळ लागला नाही. मग कॅमेरा पोह्यांच्या ताटल्यांशेजारी ठेवला आणि मामाकडे वळली.

"तीन बोटं होती," ती म्हणाली. "आणि तुमच्या अंगठीतला खडा पडलाय."

मामाने अंगठीकडे बघितलं. दिगंबर पहिल्यांदा वर बघत होता.

दोन दिवसांनी मावशीने निरोप आणला. "मुलगी पसंत आहे म्हणाले. भाऊ नापसंत."

आईने देवापुढे साखर ठेवली. हेमा म्हणाली, "मला नाही करायचं तिथे."

यावर घरात बरंच काही झालं. आई दोन दिवस जेवली नाही. तो डबा विकून टाक, असं ती महिपतला येता जाता सांगायची. महिपतने विकला नाही. त्याने रोलही भरला नाही. कॅमेरा कपाटावर रिकामा पडून होता, आणि महिपत घरभर येरझाऱ्या घालायचा. चारच्या सुमाराला तो त्या खुर्चीपाशी यायचा. खुर्ची थोडी सरकवायचा. उभा राहायचा. पुन्हा सरकवायचा.

हेमा त्याच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पाणी ठेवायची. एकदा तो असाच खुर्चीपाशी असताना ती कामावरून लवकर आली आणि दारातच थांबली.

"काय शोधतोस?"

महिपतने खुर्ची होती तिथे सरकवली.

"तुला उजेडच दिसला ना फक्त?" ती म्हणाली. "माझं काय चाललंय ते दिसलं नाही."

"दिसलं," महिपत म्हणाला. "म्हणूनच तर काढला."

तो खोटं बोलत नव्हता, हे हेमाला कळत होतं. तेच तिला जास्त लागलं असावं. तिने पर्स खुंटीला अडकवली आणि आत गेली.

त्या शनिवारी ती एकटीच स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेली. निळी साडी, प्लास्टिकची फुलं, रंगीत, पोस्टकार्ड साइज. प्रती आल्या तेव्हा त्यातली एक तिने महिपतच्या ताटाशेजारी ठेवली.

"बघ. दोन्ही कान आलेत."

महिपतने बघितला. काही बोलला नाही. ते न बोलणं त्याला किती जड गेलं, ते त्याच्या मानेवरून दिसत होतं.

त्या फोटोवर कळव्याचं स्थळ जमलं. चंदू परब, ठाण्याच्या महापालिकेत पाणी खात्यात. आईला पाणी खातं ऐकूनच बरं वाटलं. चंदू बघायला आला आणि हेमाशी गॅलरीत उभं राहून बोलला. कोणी कोणाचे डोळे तपासले नाहीत. तारीख ठरली. हेमाने महिपतला एकच सांगितलं.

"लग्नात कॅमेरा दिसला तर मी उठून जाईन. मी जाते, तुला माहीत आहे."

"नाही आणणार."

आणला नाही. लग्नाच्या दिवशी तो कळव्याच्या हॉलमध्ये मोकळ्या हातांनी फिरत होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. खिशात घालायचा, काढायचा, लोकांना सरबत द्यायचा, रिकामे ग्लास उगाच गोळा करायचा. परबांनी आणलेला फोटोग्राफर भर उन्हाच्या वेळी खिडकीकडे पाठ करून सगळ्यांच्या तोंडावर फ्लॅश मारत होता. महिपतने मंगलाष्टकं खाली मान घालून काढली. कन्यादान गंगूमावशी आणि तिच्या यजमानांनी केलं, तेव्हा तो भिंतीकडे बघत होता.

मग गुरुजींनी हाक मारली. "मुलीचा भाऊ कुठाय? लाह्या घालायला या. आणि आधी कानपिळी उरकून घ्या."

महिपत पुढे आला. नवरदेवाचा कान हातात धरला. पाहुण्यांत हशा सुरू झाला.

"पीळ, पीळ. आजचा दिवसच आहे. उद्यापासून तो तुझा पिळणार."

"जोरात. अंगठी कबूल करेपर्यंत सोडू नकोस."

फोटोग्राफर पुढे आला, कॅमेरा वर केला. बरोबर समोरून. महिपतने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. खिडकीतून ऊन होमाच्या धुरात तिरपं उतरत होतं, चंदूच्या खांद्यापर्यंत येऊन थांबलेलं. अजून थोडं वळलं तर गालावर. महिपतने कान वळवला. कानाबरोबर तोंड वळलं, तोंडाबरोबर चंदू पाटावरून अर्धा वळला.

"अहो, अहो," चंदू म्हणाला.

"इकडे बघा, कॅमेऱ्यात," फोटोग्राफर म्हणाला.

"तुम्ही तिकडून घ्या," महिपत म्हणाला. "खिडकी डावीकडे ठेवून. फ्लॅश बंद करा."

"भाऊसाहेब, माझं काम मला करू द्या."

"तिकडून घ्या हो."

हशा जरा कमी झाला. चंदूचा कान लाल झालेला. आईने गर्दीतून मान पुढे काढली आणि हेमाकडे बघितलं. मुंडावळ्यांआडून हेमा महिपतकडे बघत होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. महिपतला ते दिसलं. आपण काय करतोय ते त्याला कळलं, आणि कान त्याच्या हातातच होता.

हेमाने फोटोग्राफरकडे वळून सांगितलं, "तो म्हणतोय तिथून घ्या. नाहीतर कान सुटायचा नाही."

चंदू कळवळत हसला. बाकीचे मोठ्याने हसले. फोटोग्राफर कुरकुरत होमाला वळसा घालून खिडकीच्या बाजूला गेला, फ्लॅश बंद केला, काढला.

महिपतने कान सोडला. चंदू चोळत राहिला, अंगठी काढून पुढे धरली, ती घ्यायला समोर कोणी नव्हतं. महिपत फोटोग्राफरकडे निघालेला होता, ॲपर्चर किती ठेवलंत ते विचारायला.

"दादा," मागून हेमाने हाक मारली. "लाह्या."